उन्हांतील धान्य व ओलाव्याचा आंकडा

बाजारसमितीच्या आवारांत सोयाबीन नेणाऱ्या शेतकरी बंधूंस मॉइश्चर मीटर आतां परिचित आहे. पेल्यांत दाणे ओतले कीं आंकडा उमटतो व त्यावर भाव ठरतो. हमीभावाच्या खरेदींत सोयाबीनची मर्यादा १२ टक्के (२०२४ च्या हंगामांत ती १५ पर्यंत शिथिल केली होती). तेव्हां एका टक्क्याचा फरकहि लहान नव्हे. परंतु यंत्र पाणी मोजीत नाहीं. तें दाण्यांचा विद्युत्-गुण मोजतें व त्यावरून पाण्याचें अनुमान करितें.

दोन पत्र्यांमध्यें पदार्थ ठेविला असतां रिकाम्या जागेच्या किती पट वीज सांठते, त्या संख्येस येथें विद्युदंक म्हणूं. कोरड्या धान्याचा विद्युदंक दोन-तीनच्या आसपास, तर पाण्याचा २० अंश सेल्सिअसला सुमारें ८०. म्हणून थोडें पाणी वाढलें तरी अंक चढतो. साधीं यंत्रें रेडिओलहरींनीं हें माप घेतात. सूक्ष्मलहरींच्या यंत्रांत लहर दाण्यांतून आरपार जाते; ती किती क्षीण झाली व किती मागें पडली हीं दोन मापें मिळत असल्यानें दाणे सैल भरले कीं दाबून, हा भेद वगळतां येतो. अमेरिकेच्या कृषिखात्यांत स्टुअर्ट नेल्सन यांनीं या विषयावर अनेक दशकें काम केलें.

आतां उष्णतेचा प्रश्न. मोकळें पाणी तापलें कीं त्याच्या कणांची धांदल वाढते, ते एका दिशेस लागत नाहींत, व अंक उतरतो. १०० अंशांस तो सुमारें ५६ भरतो. यावरून तापलेलें धान्य ओलावा कमी दाखवील असें वाटेल. घडतें उलट! दाण्यांतील पाणी पिष्टास व प्रथिनांस जखडलेलें असतें. उष्णतेनें तें बंधन सैल होतें, कण लहरीबरोबर वळूं लागतात, आणि पाणी तितकेंच असूनहि आंकडा चढतो. दुरुस्ती न केल्यास हा फरक ढोबळ मानानें दर अंशास एक दशांश टक्का धरावा. उन्हांत उभ्या असलेल्या गाडींतील माल १५ अंशांनीं अधिक तापला, तर दीड टक्का.

चांगल्या यंत्रांत उष्णतामापक असतो, पण दाणे व पेला समान उष्ण होण्यापूर्वीं वाचलेला आंकडा तोहि सुधारूं शकत नाहीं. दप्तरांत लिहिलेला आंकडा तेवढा खरा, अशी समजूत मींहि पुष्कळ वर्षें बाळगली होती. नमुना घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून सावलींत निवूं द्यावा. उघडा ठेवल्यास ओलावाच बदलेल. वाद उरलाच तर भट्टीची पद्धत आहे: तोललेले दाणे १०३ अंशांवर ७२ तास वाळवून घट पाहावी. पण तीन दिवस माल कोण थांबविणार? यास्तव पहिला आंकडा मान्य करण्यापूर्वींच निवालेला दुसरा नमुना मोजण्याची मागणी करावी.