पोट भरतं, अंग भरत नाही

ऊसपट्ट्यात रेडे पोसण्याचा हिशेब बहुतेकदा गव्हाणीपाशीच चुकतो. २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, तेव्हा मांसासाठी वाढवायचा तो रेडाच; आणि तोड चालू असताना वाढे (उसाचे हिरवे शेंडे) जवळपास फुकट मिळतात, म्हणून धंदा बिनखर्चाचा वाटतो. माझं म्हणणं असं, की प्रथिनं बाहेरून आणायची तयारी नसेल तर उसाच्या जिवावर रेडा घेऊच नये. चारा पचवतात ते जनावराच्या कोठीपोटातले जंतू, आणि त्यांना चाऱ्यात निदान ७ टक्के प्रथिनं लागतात. वाढ्यात ती साधारण ५-६ टक्के, मळीत (मोलॅसिसमध्ये) ३-४ आणि बगॅसमध्ये (उसाच्या चोथ्यात) जेमतेम २. पोट टम्म दिसतं, पण पाठीचे मणके झाकले जात नाहीत. शिवाय वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. म्हणून कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडायची.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तोडकऱ्यांचे बैल हंगामभर वाढ्यावरच गाडी ओढतात ना! ओढतात, पण बैलाची वाढ पुरी झालेली असते, त्याला नुसतं टिकायचं असतं. रेड्याला अंग धरायचं असतं. काहीजण मळीचा दाखला देतात. क्यूबात टी. आर. प्रेस्टन यांनी १९६०च्या दशकात मुख्यतः मळीवर मांसाची जनावरं पोसून दाखवली, हे खरं. पण त्या मळीत सुमारे ३ टक्के युरिया होता, जोडीला मासळीची भुकटी आणि बेताचा का होईना, चारा होता. चारा तुटला की जनावरं लाळ गाळू लागायची, झोकांड्या खायची, आंधळी व्हायची. मळीत तंतू नावालाही नसतो, आणि रवंथाचं जनावर तंतूवाचून चालत नाही.

म्हणून वाढ्यासोबत तूर-हरभऱ्याचं भुसकट आणि थोडी सरकी पेंड हवीच. कडब्याला युरिया लावायचा तर तोलून: १०० किलो कोरड्या कडब्याला ४ किलो, सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथरावर शिंपडून, २१ दिवस हवाबंद झाकून. खडा राहिला आणि एकाच जनावराच्या तोंडी गेला, तर डॉक्टर येईपर्यंत ते जात नाही असं सांगता येत नाही. सहा महिन्यांखालच्या रेडकाला हा चारा नकोच. बगॅसच्या नादी फारसं लागू नये. कारखाने ती वीजनिर्मितीला जाळतात, त्यामुळे स्वस्तही पडत नाही. आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की वाढे संपतात, तेव्हा कडब्याची गंजी रब्बी ज्वारीच्या काढणीलाच रचून ठेवावी. मेमध्ये त्याचा भाव विचारायची सोय नसते.