माशाचे रक्त का गोठत नाही?

आपल्या आदिलाबादला थंडीत शेकोटी पेटवावी लागते; पण अंटार्क्टिकाचे खारे समुद्रजल उणे १.९ अंशापर्यंत थंड असते. तिथल्या माशांचे रक्त कमी खारट. ते उणे १ अंशाच्या आसपास गोठायला हवे, तरी मासे जगतात!

१९६९ मध्ये आर्थर डीव्रीज व सहकाऱ्याने याचे कारण सांगितले: रक्तातील विशेष प्रथिने. ती बर्फ वितळवत नाहीत. शरीरातील बर्फाच्या बारीक कणांना ती जागोजागी चिकटतात. मग बर्फाला मधल्या फटींतूनच फुगून वाढावे लागते. अशा फुगीर पृष्ठभागावर पाण्याचे रेणू सहज टिकत नाहीत. वाढ थांबते, जीव वाचतो.

सांगा पाहू, फ्रीजरमधली जुनी कुल्फी खरखरीत का लागते? तिथे बर्फाचे कण मोठे होतात. त्यांना अडवणारे कुणी नसते.