एजाइल कुठे लावायचं, कुठे नाही

एजाइल म्हणजे छोट्या फेऱ्यांत काम आणि प्रत्येक फेरीनंतर बदल. पण सगळीकडे ते चालत नाही. मुंबईचे डबेवाले बघा. 1890 पासून चालत आलेली सेवा, आणि काम ठरलेलं: डबा उचला, झाकणावरची खूण बघा, जेवणाच्या वेळेआधी पोचवा. तिथे रोज प्रयोग केले तर लोक उपाशी राहतील!

आता तुम्हाला मौद्यात एनटीपीसी प्लांटवरच्या कामगारांसाठी डबे सुरू करायचेत. चव कोणती, दर किती, गिऱ्हाईक टिकेल का, हे आधी कोणालाच माहीत नसतं. वर्षाचा प्लॅन करून कर्ज काढू नका. दहा डबे, एक आठवडा. परत आलेल्या डब्यात काय उरलं ते बघा, विचारा, मेनू बदला. गिऱ्हाईक पुढच्या आठवड्याचे पैसे आधी द्यायला लागलं, की मग मोठी भांडी घ्या.

हिशोबाची वही मात्र पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीने लिहा. तिथे एजाइल नको.