सोबतीची पाळी

शास्त्रपाठ : मार्क 2:1-12



पक्षाघाती माणसाचा हा पाठ आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. मराठवाड्यात माळवदाच्या घरात वाढलेल्यांना त्यातले छप्पर समजावून सांगावे लागत नाही. लाकडी तुळया, त्यावर काड्या-फांद्या आणि वर माती; उकरता येते, पण नंतर घरमालकाला पुन्हा घालावे लागते. (त्या घरमालकावर कोणी उपदेश केलेला माझ्या तरी ऐकण्यात नाही.) मला थांबायचे आहे ते तिसऱ्या वचनापाशी. आजाऱ्याला उचलून आणणारे चौघे होते, असे मार्क मोजून सांगतो. ते त्याचे भाऊ होते की शेजारी, हे सांगत नाही. आणि पाचव्या वचनात येशू विश्वास पाहतो तो त्या सगळ्यांचा. बाजेला चार कोपरे असतात. एकट्याला ती फार तर ओढता येते.

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे, जिल्ह्याच्या टोकाचे गाव. या भागातल्या आंध वस्त्यांमधून मोठा आजार निघाला की माणूस आधी हिंगोलीला किंवा वाशीमला जातो, तिथून नांदेडला किंवा अकोल्याला. त्याच्याबरोबर एक जण जातो. बहुतेक वेळा बायको, नाहीतर आई.

पहिले आठ दिवस सगळे भेटायला येतात. केळी येतात, प्रार्थना होतात. तिसऱ्या आठवड्यात ती एकटी असते. रात्री खाटेखाली चादर टाकून झोपायचे, सकाळी रिपोर्टसाठी रांगेत उभे राहायचे, औषधे आणायची, नवऱ्याला कूस बदलून द्यायची. इकडे सोयाबीन काढणीला आलेले. आश्रमशाळेतली मुलगी शेळ्या सांभाळायला घरी आलेली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, रुग्णाच्या जेवणाचीही सोय आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटावे, हे मी प्रत्येक घरी सांगतो. पण सोबतच्या बाईच्या ताटाचे काय? ती उरलेले खाते. मग एक दिवस ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ अशा कागदावर अंगठा उमटतो आणि अर्धवट भरलेली जखम घरी येते. मी पाहिलेल्या अशा कागदांमागे कित्येकदा पैशाची अडचण नव्हती. सोबतीचे माणूस संपले होते.

लांबलेल्या आजाराला किती सोबत पुरते, याचे आपल्या महाराष्ट्रातले मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडले. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. एवढी सगळी वर्षे त्यांना सांभाळले ते परिचारिकांनी. अरुणा यांना ओळखणाऱ्या निवृत्त झाल्या, आणि ज्यांनी त्यांना कधी हसताना पाहिले नव्हते अशा तरुण मुलींनी पुढे ते काम उचलले. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल दिला. इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांना शय्याव्रण झालेला नाही, याची न्यायालयाने आवर्जून दखल घेतली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

त्या मुलींच्या मायेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांची ड्यूटी महत्त्वाची वाटते. न हलणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठ, कंबर, टाचा इथे कातडी कुजते. रात्री दोनलाही आणि चारलाही. एकटी आई हे चार दिवस करील, पाचव्या रात्री तिचा डोळा लागेलच. केईएममध्ये एक पाळी संपली की दुसरी उभी राहत असे.

आमच्या भागातल्या एका कुटुंबाने हे स्वतःच जमवले. मुलाचे मांडीचे हाड मोडले, जखम चिघळली, दोन महिने काढावे लागले. भाऊ, मेव्हणा, चुलता आणि शेजारचा एक जण, असे चौघे सोमवार-शुक्रवार बदलत राहिले. प्रत्येक वेळी नवा चेहरा बघून डॉक्टर वैतागले, तेव्हा त्यांनी नियम केला की जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर एक रात्र थांबायचे. शिवाय एक वही ठेवली : काय खाल्ले, कोणती गोळी दिली, डॉक्टर काय म्हणाले, किती पैसे शिल्लक. लिहिता न येणारा चुलता शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडून लिहून घेई. मुलाची बायको मधल्या दिवसांत घरी येऊन शेत आणि लेकरे बघून परत जात होती. मुलगा डॉक्टरांनी सोडल्यावरच घरी आला.

हे पाहून आम्हीही मंडळीत तशी वही सुरू केली आहे. नाव देणाऱ्याने किती रात्री थांबू शकतो ते लिहायचे. भाडे आणि जेवण दानपेटीतून. फळे नेण्यापेक्षा एक रात्र द्या, असे मी आता भेटायला जाणाऱ्यांना स्पष्टच सांगतो. पुरुषांची नावे बरी आली आहेत. पण स्त्रियांच्या वॉर्डात रात्री बाईच लागते, आणि बहिणींची नावे अजून दोनच आहेत.