मे महिन्यातली जादा लाइन

चि. मृणाल हिस,


अन्नतंत्र महाविद्यालयातून पदवी घेऊन तू दूध शीतकरण केंद्रात रुजू झालीस आणि अमोनिया प्लांटच्या ड्रॉइंगची गुंडाळी तुझ्या टेबलावर आली, हे ताईकडून कळलं. अभिनंदनाचा फोन मामा सवडीने करेलच. हे पत्र त्या गुंडाळीसाठी.

आपल्या परभणीत ड्रॉइंग खोटं पडण्याचा मोसम ठरलेला आहे. मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, कंडेन्सरवर क्षार चढलेले असतात, आणि कंडेन्सिंग तापमान 40 अंशांवर गेलं की हेड प्रेशर साडेचौदा बारच्या पुढे सरकतं. उन्हाळ्यात दूध कमी येतं, पण आलेलं नासू द्यायचं नसतं. मग घाईघाईने वेल्डर येतो. जुन्या कंडेन्सरशेजारी दुसरा बसतो, रिसीव्हरकडे नवी लाइन ओढली जाते, एक व्हॉल्व्ह वाढतो. पाऊस पडला की सगळे विसरतात. ती लाइन फक्त जुन्या ऑपरेटरच्या डोक्यात उरते, आणि तो निवृत्त झाला की तिथूनही जाते.

इंग्लंडात फ्लिक्सबरोच्या कारखान्यात अशीच घाई झाली होती. एका रिअ‍ॅक्टरला भेग पडली, तो काढून 20 इंची पाइपने तात्पुरता वळसा दिला. 1 जून 1974 रोजी तो वळसा फाटून स्फोट झाला आणि 28 माणसं गेली. त्या पाइपचं ड्रॉइंग म्हणून जे काही होतं, ते वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं! तिथे अमोनिया नव्हता, सायक्लोहेक्झेन होतं. पण सवय तीच.

अमोनियाचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, थिओडोरला, मिलार्डच्या शीतगृहात 23 ऑगस्ट 2010 रोजी घडलेलं वाच. आधी सात तासांहून जास्त वीज गेली होती. ती आल्यावर ऑपरेटर अलार्म रीसेट करत असताना कॉइलचं डीफ्रॉस्ट मधेच तुटलं, गार द्रव आणि दाबाखालचा गरम वायू एकत्र आले आणि त्या दणक्याने छतावरचा 12 इंची सक्शन पाइप फुटला. चौदा टनांहून अधिक अमोनिया बाहेर पडला, दीडशेवर लोकांना त्रास झाला, 32 जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. एकाच व्हॉल्व्ह-संचावर अनेक मोठ्या कॉइल टांगू नका, असं चौकशीनंतर तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने बजावलं. तुझ्याकडे किती टांगल्या आहेत? उत्तर ड्रॉइंगवर असायला हवं. आणि वीज जाणं-येणं ही आपल्याकडे काही बातमी नव्हे.

तेव्हा ऑपरेटरला सोबत घे आणि लाल पेन घेऊन कॉम्प्रेसरच्या डिस्चार्जपासून निघ. कंडेन्सर, रिसीव्हर, आइस बँक टँक, परत सक्शन. एकेका व्हॉल्व्हवरचा टॅग कागदाशी ताडत जा. इन्सुलेशनखाली दोन लाइनी कुठे मिळतात, हे कोणी तोंडी सांगितलं तर मान डोलव, पण आवरण काढून बघ. सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप बाहेर नेमका कुठे उघडतो, तेही पाहा. कुणाच्या खिडकीशी निघू नये. कंत्राटदाराचं बिल मात्र सुधारलेलं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय मंजूर होऊ देऊ नकोस. मामाच्या अनुभवात याहून गुणकारी उपाय सापडलेला नाही.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली: धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने धोक्याची माहिती कामगारांना आणि शासनाला द्यायची, आपत्कालीन आराखडा ठेवायचा. चुकीच्या ड्रॉइंगवर बेतलेला आराखडा तपासणीत खपूनही जाईल. पण हवेत 300 पीपीएम अमोनिया म्हणजे जिवाला धोका, आणि 15 ते 28 टक्के झाला तर ठिणगीने पेट. अशा वेळी अग्निशमन दलाचा माणूस फाटकावर एकच विचारतो, रिसीव्हरचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे? म्हणून ताजी प्रत व्यवस्थापकाच्या कपाटात नको, फाटकावर हवी. प्रत्येक प्रतीवर सुधारणेचा क्रमांक घाल आणि जुन्या प्रती फाडून टाक. दोन वेगवेगळी ड्रॉइंग हाताशी असणं हे एकही नसण्याहून वाईट.

हे काम फेब्रुवारीतच उरकून घे, एप्रिलपासून वेल्डर हाती लागत नाहीत. आणि ऑइल ड्रेन करताना एकटी जाऊ नकोस, ऑपरेटर कितीही अनुभवी असला तरी त्यालाही एकट्याला पाठवू नकोस.

तुझा,
मामा