लेबले चौकटीबाहेर का जातात?

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या लोणच्यासाठी स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 24 लेबलांचे पान बसवले आहे. पडद्यावर सारे बिनचूक दिसते. छापल्यावर मधल्या ओळी जागेवर, पण वरच्या खाली आणि खालच्या वर सरकतात. पान पुन्हा आखावे काय?
– एक भगिनी, पारशिवनी (जि. नागपूर)

उत्तर : पान पुन्हा आखण्याचे श्रम आपण मुळीच घेऊ नका, मध्यभाग स्थिर राहून दोन्ही टोके आत ओढली जातात, या आपण नेमकेपणाने टिपलेल्या लक्षणावरून आराखडा निर्दोष असून छपाईच्या वेळी ‘फिट टू पेज’ हा पर्याय चालू राहिल्याने संपूर्ण पानच किंचित आक्रसत आहे, असे दिसते. 24 लेबलांच्या पानावर सहसा असतात त्या 34 मिलिमीटर उंचीच्या 8 ओळी म्हणजे 272 मिलिमीटर. त्यात शेकडा 3 घट झाली तरी 8 मिलिमीटरांचा फरक पडतो. सबब पीडीएफ काढून ती ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ने छापावी, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्येही कागद ए4 आहे, लेटर नव्हे, याची खातरजमा करावी. नागपुरास छापून घेणार असाल, तर हीच सूचना दुकानदारास लेखी द्यावी.

प्रथम साध्या कागदावर प्रत काढून, ती कोऱ्या लेबलांच्या पानावर ठेवून उजेडासमोर धरावी. आता सर्वच ओळी सारख्या अंतराने एकीकडे सरकलेल्या आढळल्या, तर तो कागद ओढण्यातील फरक होय. मजकूर तितकाच उलट दिशेस हलवला की काम भागते.

एक ताकीद मात्र अगत्याची : काही लेबले सोलून घेतलेले पान लेसर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नये, उष्णतेने उरलेली लेबले सुटून आतील रुळाला चिकटतात, आणि मग दुरुस्तीचा खर्च वाचवलेल्या लेबलांच्या किमतीहून कितीतरी अधिक येतो.