शस्त्र आणि कर्तव्य

भिलाई पोलाद कारखान्याच्या फाटकावर सीआयएसएफचे जवान सशस्त्र उभे असतात. माझे बाबाही त्याच सरकारी कारखान्यात; मग त्यांना कार्यालयात पिस्तूल का नेता येत नाही, असे मला लहानपणी वाटे. उत्तर कायद्यात मिळाले. शस्त्र अधिनियम 1959, कलम 3 नुसार परवान्याविना बंदूक बाळगता येत नाही. कलम 45 लोकसेवकाला सूट देते, पण ती कर्तव्य बजावतानाच. परवानाधारकालाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय जत्रेत किंवा शाळेच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या कॅडेटलाही कलम 45 ची सूट आहे, तीही कर्तव्यापुरतीच. म्हणून मित्रहो, सराव संपताच रायफल मोजून शस्त्रागारात जमा करायची.